ट्रंकच्या खिडकीतली दोरी

माझा नातू पुण्याहून रोज फोन करतो. चेहऱ्यासकट. पाचेक वाक्यं झाली की म्हणतो, "आणखी काय आजी?" म्हणजे आता ठेवतो. मी म्हणते, ठेव बाबा. पण मनात म्हणते, लेका, हे तुझं 'आणखी काय' बोलायला मिळावं म्हणून माणसं माझ्या खिडकीसमोर भाकरी बांधून आणून दिवसभर बसायची. त्याला सांगितलं तर तो म्हणतो, "का? फोन बिघडला होता?" आता ह्याला काय सांगायचं, कपाळ!

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी टेलिफोन ऑपरेटर होते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं भांडायला पक्की आहेत आणि दिवाळी अंक तिथंही जातो. त्या वेळी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. एक्सचेंजमध्ये येऊन किंवा फोनवरून मला नंबर सांगायचा, मी त्याचं तिकीट फाडायचं. तिकीट म्हणजे हातभर लांबीचंही नाही, पत्त्याएवढा कागद. मग पुढच्या गावाला जाणारी तार मोकळी झाली की पाळीपाळीनं एकेकाचा कॉल लावायचा. बोलायला तीन मिनिटं. घाई असली तर अर्जंट कॉल, त्याला दर दुप्पट. आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या घरी फोनच नसेल, तर पी.पी. कॉल. म्हणजे तिकडच्या तार ऑफिसात किंवा शेजारच्या दुकानात त्या माणसाला बोलावून घ्यायचं, तो आला की मग इकडच्याला जोडून द्यायचं. खेड्यापाड्यातल्या लोकांचे सगळे कॉल पी.पी.च.

आमच्या गावातून परभणीला दोनच तारा होत्या. त्यातली एक बहुतेक आजारीच असायची. म्हणजे सगळा तालुका एका तारेवर. आम्ही ऑपरेटर एकमेकींना नावानं नाही, गावानं हाक मारायचो. "परभणी, औरंगाबाद द्या हो." "परभणी, मेल्या का झोपल्या?" तिकडून उत्तर यायचं, "बोंबलू नका, देते." त्या बाईला मी कितीतरी वर्षं 'परभणी' म्हणूनच ओळखत होते. पुढं एका लग्नात भेट झाली तेव्हा दोघींनी एकमेकींना आवाजावरून ओळखलं आणि मांडवातच गळ्यात पडलो.

मी मूळची परभणीची. वडील शाळेत शिपाई. घर बौद्ध. नोकरी लागली ती नामांतराचा ठराव होऊन मराठवाडा पेटला, त्याच्या नंतरच्या वर्षांत. आग विझली होती, धग होती. मी ट्रंक आणि वळकटी घेऊन तालुक्याला उतरले आणि खोली शोधायला निघाले. खोल्या होत्या. आडनाव सांगितलं की नसायच्या. एका घरी तर बाईनं चहा दिला, पंखा लावून दाखवला, मग आडनाव विचारलं आणि म्हणाली, "अय्या, मी विसरलेच, आमच्या भाच्याला द्यायचीय." त्या भाच्यासाठी गावात बऱ्याच खोल्या राखून ठेवलेल्या होत्या.

मी एक्सचेंजच्या पायरीवर रडकुंडीला येऊन बसले होते. तेव्हा आमचे सुपरवायझर सय्यदसाहेब बाहेर आले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "बेटा, आमच्या घरात वरची खोली रिकामी आहे. जिना जरा खडा आहे, तेवढा संभाळायचा." झालं. त्यांच्या घरी मी राहायला गेले ती लग्न होईपर्यंत. त्यांच्या बायकोला मी भाभी म्हणायची. त्यांच्या हातची खट्टी दाळ मला अजून जमत नाही.

बोर्डावर, म्हणजे तारा जोडायच्या फळ्यावर, बसायचं त्यांनीच मला शिकवलं. कॉर्ड कुठल्या भोकात घालायची हे कुणीही शिकवील. पण माणसं बोलायला लागली की ऐकायची किल्ली वर करून आपण कान काढून घ्यायचा, हे त्यांनी शिकवलं. "तार आपली, बात त्यांची," असं म्हणायचे. गावातल्या किती सोयरिकी जुळल्या नि मोडल्या, आमच्या बोर्डातून गेल्या. आम्ही एक शब्द बाहेर काढला नाही.

आणि गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक गृहस्थ बूथमध्ये शिरण्याआधी चपला काढून ठेवायचे. एक मास्तर काय काय बोलायचं ते पाठ करून यायचे, पलीकडून मधेच कुणी प्रश्न विचारला की गडबडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. एकानं नांदेडला पाहुण्याला म्हैस घेतल्याचं कळवलं. "केवढी हाय?" असं तिकडून विचारलं असावं. ह्यानं रिसीव्हर खांद्याला दाबून दोन्ही हात पसरले नि म्हणाला, "ही एवढी!" मग बराच वेळ तसाच उभा. मी खिडकीतून ओरडले, "काका, त्याला दिसायलं न्हाई!" तर मला म्हणाला, "तुमाला दिसली ना? मंग सांगा की त्याला."

असे ते दिवस. आता खरं ते सांगते.

सय्यदसाहेबांचा एकच दोष होता. त्यांना 'नाही' म्हणता यायचं नाही. भीडमुर्वत हा शब्द आपण सहज वापरतो, तो माणूस मी रोज बघत होते. त्या भिडेचा पहिला फायदा मलाच झाला होता, हे मी कधी विसरले नाही. पण बोर्डावर त्याचं काय व्हायचं, तर कुणी ओळखीचा माणूस फोनवर म्हणायचा, "सय्यदसाब, जरा आमचं आधी लावा की," आणि साहेबांचा हात आपोआप तिकिटांच्या चळतीकडं जायचा. खालचं तिकीट वर. त्यांनी कुणाचा पैसा घेतला नाही. दिवाळीचा फराळसुद्धा आला तर सगळ्यांत वाटून टाकायचे. गावात लोक भलतंच बोलायचे तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण खालचं तिकीट वर जायचं म्हणजे वरचं खाली यायचं, हेही मी रोज बघत होते. वरचं ज्याचं असायचं तो बाहेर बाकावर बसलेला असायचा. त्याला ठाऊकच नसायचं.

सगळ्यांत जास्त फोन किसनअप्पांचा. अप्पांचं जिनिंग होतं, अडत दुकान होतं, आवाज दांडगा होता. कापसाचा हंगाम आला की दिवसभर त्यांना मुंबई, अकोला, गुंटूर हवं असायचं. नियमानं त्यांनी अर्जंट लावायला हवा. ते साधा कॉल लावायचे आणि सय्यदसाहेबांना 'जरा' म्हणायचे. त्या 'जरा'नं अर्धा तालुका वेठीला धरला होता.

गयाबाई त्या हंगामातच आली.

दूरच्या खेड्यातली म्हातारी. नेसूचं ठिगळाचं पण स्वच्छ. एकुलता एक मुलगा ज्ञानोबा फौजेत. त्यानं कळवलं होतं की बाजाराच्या दिवशी तो पठाणकोटच्या तार ऑफिसात येऊन थांबेल, आईनं तालुक्याहून बोलावं. दुपारनंतर त्यांची गाडी वर बर्फाच्या ठाण्यावर निघणार. तिथं फोन नाही, सहा-सहा महिने खाली येणं नाही. गयाबाई पहिल्या एस.टी.नं आली. मी एक्सचेंज उघडून बसत होते तेव्हा ती पायरीवरच होती. त्या दिवशी पहिलं तिकीट मी तिचं फाडलं.

"कवा लागंल माय?"

"लागंल मावशी. तुमचंच पहिलं आहे."

मी असं म्हणाले. नेमकी त्याच दिवशी दुसरी तार मेली. आणि नेमकं त्याच दिवशी कापसाच्या भावाचं काहीतरी वरखाली व्हायला लागलं. किसनअप्पांचा फोन आला. "सय्यदसाब, जरा." साहेब म्हणाले, "बेटा, अप्पांचं एकच लावून दे." एकच झालं. मग पुन्हा, "जरा." मग, "आता हे शेवटचं." मी म्हटलं, साहेब, म्हातारीचा मुलगा तिकडं थांबलाय. ते म्हणाले, "हो हो, ह्याच्यानंतर लगेच." त्यांच्या मनात अजिबात खोट नव्हती. प्रत्येक वेळी त्यांना खरंच वाटत होतं की ह्याच्यानंतर लगेच.

गयाबाई मधून मधून खिडकीशी यायची. भांडायला नाही. नुसतं विचारायची, "आमचा नंबर आला का माय?" आणि परत जाऊन बसायची. गाठोड्यातली भाकरी सोडली नाही. बोलता बोलता घास अडकंल म्हणून.

ऊन कललं तेव्हा पठाणकोट लागलं. परभणी, औरंगाबाद, दिल्ली, असं करत करत बारीक आवाज आला. तिकडचा ऑपरेटर म्हणाला, "पार्टी बहुत देर बैठी थी. अभी निकल गई."

मी बाहेर जाऊन सांगितलं. खिडकीतून सांगायला मला लाज वाटली. गयाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाली, "गेला का? जेवून गेला आसंल ना गं?"

मी तिच्या शेजारी बाकावर टेकले.

"तुमी तरी काय करताल माय," ती म्हणाली, "तार लांबची." आणि गाठोडं घेऊन एस.टी.कडं गेली. तिला वाटत होतं, तार लांबची म्हणून उशीर झाला.

मी आत आले, हेडफोन बोर्डावर आपटला आणि लाइनमन मारोतीच्या समोर साहेबांना म्हणाले, "तार लांबची नव्हती. हा कॉल तुम्ही घालवलात." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. साहेबांचा चेहरा असा पडला की काय सांगू. ते उठून बॅटरीच्या खोलीत गेले आणि उगाच पाण्याच्या बाटल्या पुसत बसले.

मारोती मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमी बोलल्या ते बरुबर हाय. पर असं बोलून काय व्हायलंय? परभणीच्या मोठ्या ऑफिसाला एक निनावी अर्ज टाकून द्या. तिथले साहेब येऊन चौकशी करत्याल. सय्यदसाबाला हलवत्याल."

हलवतील, हे खरं होतं. त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. गाव आधीच त्यांच्याविषयी भलतं बोलत होतं, अर्जानं ते पक्कं झालं असतं. आणि त्यांच्या जागी येणारा माणूस अप्पांना 'नाही' म्हणणार होता, असं कुठं लिहून ठेवलं होतं? दुसरी गोष्ट म्हणजे माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ते परभणीच्या हातात होतं, आणि परभणीला साहेबांचं मत जायचं होतं. गप्प बसावं तर गयाबाईचं ते 'जेवून गेला आसंल ना' कानातून जाईना. बोलावं तर डोक्यावर ज्याचं छप्पर, त्याच्याशीच वैर.

घरी तर आणखी पंचाईत. मी वर, ते खाली. त्यांनी जेवण केलं नाही, मी केलं नाही. भाभी दोन ताटं वाढून बसलेली. शेवटी ती जिन्याखाली उभी राहून ओरडली, "दोघं उपाशी मरा, मी दाळ शेजारच्या बकरीला घालते!" मी खाली उतरले. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल. ती हसायलाच लागली.

"अगं, ह्यांना ना म्हणताच येत नाही. मला बघायला आले तेव्हा आमच्या अम्मीनं शिरखुर्मा केला होता. ह्यांना दूध पचत नाही. तीन वाट्या पिले! लग्नानंतर कळलं मला." मग हसणं थांबवून म्हणाली, "तू त्यांना ओरडू नको. ओरडलं की ते आणखी भितात. त्यांना ना म्हणायला काहीतरी टेका दे."

टेका दे. हे मला रात्रभर पुरलं.

सकाळी एक्सचेंजमध्ये गर्दी व्हायच्या आधी मी दोन चहा मागवले आणि साहेबांच्या समोर बसले.

"साहेब, काल मी चारचौघांत बोलले. बोलायचं होतं ते बोलले, पण तिथं बोलायला नको होतं."

"नाही बेटा, खरंच बोललीस."

"मग मला सांगा, अप्पांना नाही म्हणायला तुम्हाला काय लागेल?"

ते कपबशीकडं बघत राहिले. "समोरचा माणूस आपलं नाव घेऊन मागतो ना, जबानच उचलत नाही. आणि तूच सांग, त्या दिवशी पायरीवर तू बसली होतीस. मी तेव्हा नाही म्हटलं असतं तर?"

हे मला लागलं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. पण तो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि उत्तर माझ्याजवळ होतं.

"साहेब, तुम्ही मला खोली दिली ती रिकामी होती. कुणाला बाहेर काढून नाही दिलीत. तार रिकामी नसते. तिथं एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हटलंच जातं. तो दुसरा बाहेर बाकावर असतो, तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

चहावर साय धरली. मग म्हणाले, "तर मग तो मला दिसला पाहिजे."

"तो तुम्हाला दिसला पाहिजे, आणि त्यालाही आपलं तिकीट दिसलं पाहिजे."

मी भाभीकडून आणलेली कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे पिशवीतून काढले. साहेबांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! सरकारी खिडकीत?" पण हसले. मारोतीनं खिडकीच्या आतल्या बाजूनं दोरी ताणली. तिकीट फाडलं की चिमट्यानं दोरीला लावायचं, आलेल्या पाळीनं. नंबर आतल्या बाजूला, नाव बाहेरच्या बाजूला. ज्याचं झालं त्याचं काढायचं, पुढचं सरकवायचं. वाचता येणारा न येणाऱ्याला सांगणार. आणि एक गोष्ट साहेबांनी स्वतः घातली, माझ्या डोक्यात ती आली नव्हती. ते म्हणाले, "बाळंतपण असेल, अपघात असेल, तर मधे घ्यावंच लागेल. पण ज्याला मधे घेऊ त्याचं कारण खिडकीतून मोठ्यानं सगळ्यांना सांगायचं. जे मोठ्यानं सांगता येत नाही ते करायचं नाही."

दोरीची गंमत अशी झाली की बाकावरची माणसं एकमेकांशी बोलायला लागली. "तुमचं कुठलं?" "ते तिसरं." "मंग माझं तुमच्या मागं." एक दिवस एका बापाला मुलगी अडल्याचा निरोप आला, साहेबांनी कारण पुकारलं, तर सगळे बाकावरून म्हणाले, "आधी त्याचं लावा, आधी त्याचं!" पूर्वी हेच कळलं असतं तर लोक खिडकी फोडायला आले असते.

अप्पांचा फोन आला. "सय्यदसाब, जरा."

साहेबांनी दोरीकडं बघितलं. "अप्पा, तुमचं सहावं आहे. बाहेर सगळे बघायलेत हो."

अप्पा फोन ठेवून स्वतःच आले. ते दिवसही बरे नव्हते. नामांतरासाठी पुन्हा मोर्चे निघायला लागले होते, उलट बाजूचे बंदही व्हायचे. औरंगाबादला शिकणाऱ्या पोरांची खुशाली विचारायला गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतले लोक सकाळपासून बाकावर होते. अप्पांनी ती दोरी बघितली, बाकावरची माणसं बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"हे कुणाचं डोस्कं? ह्या बाईचं का? सय्यदसाब, लय डोक्यावर बसवून घ्यायलाव तुमी. परभणीला साहेबाच्या कानावर घालतो मी. बाईची नोकरी अजून पक्की न्हाई म्हणं?"

मी साहेबांकडं बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही, कारण अप्पा समोर उभे होते आणि नाव घेऊन मागत होते.

साहेब खुर्चीतून उठले. खिडकीशी आले. "अप्पा," ते म्हणाले, "दोरी माझी आहे. हुकूम माझा आहे. परभणीला माझं नाव सांगा." एवढं बोलून थांबले. दोरीकडं बघितलं. "आणि तुमचा कॉल आधी लागणार नाही. नाही जमणार. बसा, चहा मागवतो."

'नाही' शब्द त्यांच्या तोंडातून मी पहिल्यांदा ऐकला. मारोती तारेचं भेंडोळं हातात धरून बघतच राहिला.

अप्पा बसले नाहीत, तणतणत गेले. परभणीला खरंच बोलले. माझं कायम होणं लांबलं, माझ्यानंतर लागलेल्या मुली माझ्या पुढं गेल्या. साहेबांनी माझ्यासाठी परभणीला खेटे घातले, तेव्हा कुठं ते झालं. पण अप्पांना मुंबई तर हवीच होती. अर्जंट लावायला जीव होत नव्हता. मग हळूहळू ते आपल्या पाळीवर नजर ठेवायला येऊन बाकावर बसायला लागले. आधी टोकाला, रुमाल टाकून. मग रुमालाशिवाय.

बर्फ वितळल्यावर गयाबाई परत आली. ज्ञानोबा खाली उतरला होता आणि पुन्हा त्याच तार ऑफिसात येऊन बसणार होता. मी तिचं तिकीट दोरीला लावून तिला दाखवलं. "मावशी, हे तुमचं. कुणी हात लावणार नाही." ती बाकावर जाऊन बसली आणि त्या तिकिटावरनं तिनं नजर काढली नाही. तिच्या शेजारी किसनअप्पा. त्यांचं तिच्या मागचं.

कॉल लागला. पण आवाज म्हणजे नुसती खरखर. बूथमध्ये गयाबाई रिसीव्हर कानाला दाबून "ग्यानबा? ग्यानबा?" करत होती, तिला काहीच कळत नव्हतं. अशा वेळी आम्ही मधे बसून सांगायचो, तिकडचं इकडं, इकडचं तिकडं. माझ्या कानाला लागेना तेव्हा साहेबांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. त्यांच्या कानाला मेलेली तारही ऐकू यायची. बूथचं दार उघडं ठेवलं. साहेब मोठ्यानं बोलायचे म्हणून बाकावर सगळ्यांना ऐकू येत होतं.

"बाई, तो विचारतो, बरी आहेस का?"

"बरी हाय म्हणावं. जेवला का इचारा."

"बेटा, आई विचारते जेवलास का? ... हो, जेवला म्हणतो. वर थंडी फार होती म्हणतो. तुमच्या गोधडीत दोघं निजायचे म्हणतो."

"गाय व्यालीय म्हणावं. कालवड झाली."

"कालवड झाली, बेटा!" साहेब हे असं ओरडले की बाकावरचे हसले.

मग साहेब थांबले. हेडफोन हातानं कानाला दाबला. ऐकलेलं सांगेचनात. गयाबाई म्हणाली, "काय म्हणायलाय वो?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "तो म्हणतो... मागच्या वेळी फार वाट बघितली. गाडी निघाली तरी ड्रायव्हरच्या पाया पडून थोडा वेळ थांबवली म्हणतो. आई आलीच नव्हती का, म्हणतो."

गयाबाई बूथच्या दारात आली. रिसीव्हर तसाच लोंबत राहिला. "आले न्हवते? सांगा त्याला, मी हितंच होते म्हणावं. सकाळपासनं हितंच बसले होते."

साहेबांनी तोंड बोर्डाकडं फिरवलं. त्यांचे खांदे मला दिसत होते. "तुझी आई इथंच होती बेटा," ते म्हणाले. "सकाळपासून इथंच होती. काही खाल्लं नाही तिनं. एक तार चालू होती. मी तिची पाळी दुसऱ्याला दिली. माझं नाव सय्यद. चूक माझी."

हे सांगायला त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी रडत होते आणि तेवढ्यात घड्याळाकडं बघितलं. तीन मिनिटं झाली होती. मागं कुणी नसेल तर आम्ही वेळ वाढवून द्यायचो. मागं असेल तर तोडायचो. साहेबांनी दोरीकडं बघितलं. पुढचं तिकीट अप्पांचं.

जुने सय्यदसाहेब असते तर त्यांनी गुपचूप वेळ वाढवला असता, भिडेनं. ते खिडकीशी आले. "अप्पा, तुमचा नंबर आहे. बाईंचं बोलणं राहिलंय. तुमचा हक्क आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. काय करू?"

अप्पा चमकलेच. त्या माणसानं आयुष्यभर हुकूम केले होते, त्याला कुणी असं चारचौघांत विचारलं नसावं. आणि 'दुसऱ्याला' म्हणजे कुणाला, हे त्यांना बरोबर कळलं होतं. ते खाली बघत राहिले.

"मला इचारायलाव व्हय," ते म्हणाले. मग हात झटकून म्हणाले, "बोलू द्या. बोलू द्या तिला पोटभर. मुंबई कुटं पळून चालली का?"

गयाबाई पोटभर बोलली. कालवडीचं नाव ठेवायचं ज्ञानोबावर सोडलं, त्यानं तिकडून सांगितलं, साहेबांनी ते मोठ्यानं पुकारलं, आणि बाकावर कुणीतरी म्हणालं, "झ्याक!"

पुढं आपोआप लागणारे फोन आले, खिडकी बंद झाली, दोरी भाभीकडं परत गेली. साहेब निवृत्त होऊन गेले, आता तर नाहीतच. पण डोळे मिटले की मला बूथमधून बाहेर पडणारी गयाबाई दिसते. पदरानं डोळे पुसत ती बाकाशी आली. शेजारी बसलेला माणूस कोण, त्याचं जिनिंग केवढं, तिला काय माहीत. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लय खोळंबा झाला तुजा," ती म्हणाली. "जा बाबा, आता तुजा नंबर."

आणि किसनअप्पा उठले.